भट्टी आणि कलम : काचेच्या बांगडीचा इतिहास आपणास काय सांगतो?

बांगडी ही आपल्या घरात इतकी परिचयाची वस्तू आहे की तिलाही काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. चाँदरातीला बाजारात सर्वांत अधिक गर्दी बांगड्यांच्या दुकानावर असते. लग्नघरी हिरवा चुडा भरल्याशिवाय नवरी सजत नाही. आपल्या मराठी मुलखात तर बांगडीविषयी अशुभ शब्दही तोंडातून काढीत नाहीत. बांगडी 'फुटली' असे न म्हणता ती 'वाढली' असे म्हणतात. या बांगड्या घरोघर, आठवडी बाजारात आणि जत्रेत पोहोचविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या दोघांनी केले. एक कासार आणि दुसरा मणियार. कासार हिंदू, मणियार बहुधा मुसलमान. पण गावातील कोणत्याही जातीची लेकीसून मणियारापुढे विश्वासाने हात करीत आली आहे. हा विश्वास कोणत्या सनदेने मिळालेला नाही. तो मणियाराने आपल्या वागणुकीने मिळविला आणि सांभाळला.

आपल्या समाजातील कित्येक मुलामुलींचे आडनाव मणियार आहे. त्या आडनावामागे केवढी मोठी परंपरा उभी आहे हे त्यांना कोणी सांगितले आहे काय? बहुधा नाही. शाळेच्या इतिहासात लढाया येतात, राजे येतात. बांगडी येत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने काचेच्या कारागिराची ही वाटचाल आपणापुढे ठेवीत आहे. यात अभिमानाच्या गोष्टी पुष्कळ आहेत. परंतु केवळ अभिमान बाळगून चालणार नाही, असाही एक धडा यात आहे आणि तो पालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी विनंती आहे.

वाळूची काच कशी होते?

काचेचा मुख्य घटक म्हणजे वाळू. परंतु निव्वळ वाळू वितळवावयाची तर सुमारे १७०० अंश सेल्सिअस इतकी उष्णता लागते. जुन्या काळच्या भट्ट्यांना ती झेपणारी नव्हती. तेव्हा माणसाने युक्ती शोधली. वाळूत सोड्यासारखा क्षार मिसळला की ती बऱ्याच कमी उष्णतेवर वितळते. पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळू लागते. तिला टिकाऊपणा यावा म्हणून चुना घालावा लागतो. आपल्या देशातील जुने काचकारागीर, ज्यांना उत्तरेत शीशगर म्हणतात, ते क्षारासाठी 'रेह' वापरीत. रेह म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील खारवट जमिनीवर उन्हाळ्यात फुलून येणारा पांढरा थर. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती जमीन नापीक. शीशगराने तिच्यातूनच काच काढली.

रंगांचेही असेच आहे. कोबाल्ट घातले की निळा, तांबे घातले की हिरवा किंवा आकाशी रंग येतो. वाळूतील लोखंडामुळे काच आपोआप हिरवट होते. तो हिरवटपणा मँगनीजच्या योगाने घालविता येतो. हे सारे रसायनशास्त्र होय. शीशगराला त्याचे नाव ठाऊक नव्हते, पण काम ठाऊक होते. भट्टीच्या ज्वाळेचा रंग पाहून तो उष्णता ओळखी आणि मुठीच्या मापाने मिश्रण करी. हे ज्ञान बाप मुलाला देई आणि उस्ताद शागिर्दाला. ते कागदावर उतरले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढील सर्व कथा तिच्यावरच फिरते.

दमास्कसचे दिवे

नळीतून फुंकर मारून काच फुगविण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात शाम आणि फलस्तीनच्या किनारपट्टीत प्रथम आली. पुढे तो प्रदेश इस्लामी राज्यात आला आणि तेथील कारागिरांच्या हुन्नराला नवे आश्रयदाते मिळाले. इजिप्तमध्ये नाणी तोलण्यासाठी काचेची वजने पाडली जात आणि त्यांवर शिक्का उमटविला जाई. कारण काच कोणी कानसून हलकी केली तर ते लगेच दिसते.

तेराव्या आणि चौदाव्या शतकांत ममलूक सुलतानांच्या काळी शाम व इजिप्तमध्ये मशिदींसाठी जे काचेचे दिवे बनले, त्यांच्या तोडीचे काम जगात फार थोडे आहे. कारागीर प्रथम दिव्याचा आकार फुंकून घेई. मग रंगीत काचेची बारीक पूड करून ती तेलात किंवा डिंकात कालवी आणि तिने दिव्यावर अक्षरे व वेलबुट्टी काढी. त्यावर सोन्याचे काम करी आणि दिवा पुन्हा भट्टीत घाली. येथे खरी परीक्षा असे. उष्णता कमी पडली तर रंग काचेला धरत नाही. जास्त झाली तर दिव्याचा आकारच ढासळतो. अनेक दिव्यांवर सूरह नूरमधील ती आयत लिहिलेली आढळते जिच्यात काचेतील दिव्याची उपमा आली आहे. कैरोच्या सुलतान हसन मशिदीतील, म्हणजे १३५६ नंतर बांधल्या गेलेल्या वास्तूतील, असे कित्येक दिवे आजही संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.

त्या काळाचा एक विशेष असा की भट्टी आणि कलम यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते. अल्‌ बीरूनीसारखा थोर विद्वान रत्नांवरील आपल्या ग्रंथात काचेवर आणि मीनाकामावर लिहिणे कमीपणाचे मानीत नव्हता. बसऱ्यात ९६५ साली जन्मलेल्या इब्न अल्‌ हैसमने प्रकाशशास्त्रावर जो ग्रंथ लिहिला तो पुढे युरोपने शतकानुशतके अभ्यासला. त्याच ग्रंथाच्या आधारे कमालुद्दीन फारसी या पंडिताने चौदाव्या शतकाच्या आरंभी इंद्रधनुष्याचा उलगडा केला. पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन त्याने त्याला पावसाचा एक मोठा थेंब मानले आणि आत शिरलेला किरण कसा वाकतो, कसा परततो हे पाहिले. विद्यार्थी मित्रांनो, विचार करा. तो स्वच्छ, निर्दोष गोल कोणा कारागिराने फुंकला असलाच पाहिजे. त्या कारागिराचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, पण त्याच्या श्वासावाचून तो प्रयोग होऊ शकला नसता.

दिवे व्हेनिसहून आले!

मग हे सारे कोठे गेले? कारणे अनेक आहेत. साथी आल्या, व्यापाराच्या वाटा बदलल्या. १४०१ साली तैमूरने दमास्कस लुटले आणि तेथील उत्तमोत्तम कारागीर समरकंदला नेले. इकडे इटलीतील व्हेनिस शहराने १२९१ मध्येच आपल्या काचभट्ट्या मुरानो बेटावर एकत्र वसविल्या होत्या. पूर्वेकडील हुन्नर त्यांनी बारकाईने आत्मसात केला, त्यात भर घातली आणि तो जिवापाड जपला. परिणाम काय झाला? १५६९ साली उस्मानी सल्तनतीचे वजीरे-आझम सोकोल्लू मेहमद पाशा यांना मशिदीसाठी दिवे हवे होते, तेव्हा त्यांनी व्हेनिसकडे ९०० दिव्यांची मागणी नोंदविली. ज्या प्रदेशाने जगाला मशिदीचा दिवा दिला, तो प्रदेश ज्या सल्तनतीत होता तिलाच दिवे परदेशाहून आणावे लागले!

पुढे १६१२ साली फ्लॉरेन्समध्ये अंतोनिओ नेरी या पाद्र्याने काच करण्याच्या कृतींचे पुस्तक छापले. १६६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. उस्तादाच्या मुठीतील ज्ञान छापील कागदावर आले. आता ते उस्तादाबरोबर दफन होणार नव्हते.

दख्खनची बांगडी

आता आपल्या मुलखाकडे वळू. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरी येथे १९४५-४६ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. त्यात बहामनी काळातील काचेच्या बांगड्या मोठ्या संख्येने सापडल्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, नेवासे येथील उत्खननातही मुसलमानी व मराठा अमदानीच्या थरांत रंगीबेरंगी बांगड्या निघाल्या. डॉ. दीक्षितांनी पुढे भारतीय काचेचा समग्र इतिहास लिहिला. तो १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला.

त्या काळची सांधा नसलेली बांगडी करण्याची रीत ऐकण्याजोगी आहे. तापलेल्या काचेचा छोटा गोळा लोखंडी सळईने टोचून त्याला भोक पाडीत. मग तो मातीच्या शंकूवर चढवून शंकू फिरवीत राहत. फिरता फिरता भोक रुंदावे आणि कडे तयार होई. वर निराळ्या रंगाच्या काचेची धार सोडली की नक्षी उमटे. एकेक बांगडी अशी हाताने घडे.

दख्खनचा दुसरा दागिना म्हणजे लाखेचा चुडा. चारमिनार १५९१ साली उभा राहिला, आणि त्याच्या सावलीतील लाड बाजार आजही या बांगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. लाख तापवून मऊ करतात, लाटून तिची वळी करतात, ती वाकवून कडे जोडतात, आणि लाख गरम असतानाच तीवर काचेचे खडे व आरशाचे तुकडे एकेक करून बसवितात. हे नाजूक काम करणाऱ्यांत आपल्या भगिनी पुष्कळ आहेत. २०२४ साली हैदराबादच्या लाखेच्या बांगडीला भौगोलिक निर्देशांकाची सरकारी मान्यता मिळाली. मराठवाड्यातील जुन्या लोकांना हा चुडा परका नाही. हैदराबादशी त्यांचा रोजचा संबंध होता.

बोहेमियाची शाळा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हिंदुस्थानातील बाजारात निराळेच दृश्य दिसू लागले. मणियाराच्या पेटीतील बांगडी आता देशी राहिली नव्हती. ती ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील बोहेमिया प्रांतातून, विशेषतः गाब्लोन्झ या गावाच्या परिसरातून येऊ लागली. पुढे जपाननेही हा माल पाठविला. हजारो मैलांवरून आलेली बांगडी देशी बांगडीपेक्षा सफाईदार आणि स्वस्त पडे. जिथे बांगडी घालण्याची चालही नाही, तेथील लोकांनी आपल्या लेकीसुनांच्या हाताचे माप घेऊन आपला बाजार काबीज केला.

हे कसे घडले? यंत्रे होती, भांडवल होते, हे तर खरेच. पण आणखी एक गोष्ट होती. बोहेमियात १८५६ साली कामेनित्स्की शेनोव्ह या गावी काचकामाची स्वतंत्र शाळा निघाली. खुद्द गाब्लोन्झला १८८० साली अशीच शाळा निघाली. तेथे कारागिराचा मुलगा सकाळी चित्रकला, रसायन आणि हिशेब शिके व त्याच ज्ञानाने हातातील हुन्नर सुधारी. आपल्याकडील शीशगराचा मुलगा हुशारीत कमी नव्हता. त्याचा हात कदाचित अधिक कसलेला असेल. पण त्याला शाळा नव्हती.

एका पैशाची करामत

ही उणीव महाराष्ट्रातील काही लोकांनी ओळखली. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठिंबा दिला. या फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तेथे काचशास्त्राचे जाणकार म्हणून आले. या कारखान्याचा खरा विशेष असा की तो नुसता माल काढण्यासाठी नव्हता, काचकाम शिकविण्यासाठीही होता. येथे तयार झालेले लोक देशभरच्या कारखान्यांत गेले. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ साली काच कारखाना उभारला, आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेड्यापाड्यांत पोहोचला. त्या कंदिलाच्या उजेडात आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांनी अलिफ-बे आणि बाराखडी गिरविली असेल.

पैसाफंडाची ही हकिकत आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांनी विसरू नये. धनिकांची वाट न पाहता, लहान माणसांच्या लहान देणगीतून शिक्षण आणि उद्योग दोन्ही उभे राहू शकतात, याचा तो पुरावा आहे.

फिरोजाबाद : वैभव आणि वेदना

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि ऑस्ट्रियाचा माल बंद झाला. ती संधी आग्र्याजवळच्या फिरोजाबादने घेतली. तेथे शीशगरांची जुनी वस्ती होतीच. तेथील बांगडी धंद्याचे जनक म्हणून हाजी रुस्तम उस्ताद यांचे नाव आदराने घेतले जाते. आज आपल्या हातातील बहुतेक काचेच्या बांगड्या याच शहरातून येतात.

तेथील काम कसे चालते ते पाहा. भट्टीतून काढलेल्या तप्त गोळ्यातून काचेची तार ओढली जाते आणि फिरत्या बेलनावर ती स्प्रिंगसारखी गुंडाळत जाते. ही गुंडाळी थंड झाल्यावर एका रेषेत कापली की अनेक कडी सुटतात. पण त्यांची तोंडे उघडी असतात. मग ही कडी घराघरांत जातात. तेथे ज्योतीवर दोन्ही टोके सरळ करून एकमेकांना जोडतात. या कामाला जुडाई म्हणतात. त्यानंतर घासकाम, सोनेरी काम, पुन्हा भट्टी. एक बांगडी आपल्या हातात येईपर्यंत अनेकांच्या हातांखालून जाते.

पालकहो, येथे थोडे थांबावे. जुडाईच्या त्या ज्योतीपुढे अंधाऱ्या, कोंदट खोलीत स्त्रिया बसत आणि त्यांच्याबरोबर मुलेही बसत. पंखा लावता येत नाही, कारण ज्योत हलते. डोळे बिघडतात, छाती बिघडते. ज्या वयात हातात पाटी हवी त्या वयात हातात कडे आले. १९८६ साली बालमजुरीविरुद्ध कायदा झाला. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र मनाई केली; घरच्या धंद्यातही शाळेच्या वेळेबाहेर, धोका नसलेली मदत तेवढीच चालते. परंतु कायदा दारापर्यंत येतो; घरात त्याला आईबापांनी न्यावे लागते.

आणखी एक घटना. ताजमहालाला धुरापासून वाचविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायू वापरण्याचा आदेश दिला. फिरोजाबादच्या भट्ट्याही वायूवर गेल्या. काळ बदलला की भट्टीही बदलते. बदललेली भट्टी ज्याला समजते तो कारखानदार होतो. ज्याला समजत नाही तो मजूर राहतो. दोघांचा हात तितकाच कुशल असला तरी हा फरक पडतो.

दोन गैरसमज

वाचकहो, या इतिहासातून मला आपणापुढे दोन गोष्टी ठेवावयाच्या आहेत.

काही पालक म्हणतात, "शिकून काय करायचे? शेवटी दुकानावरच बसायचे आहे." त्यांना दमास्कस आणि गाब्लोन्झ यांची गोष्ट सांगावी. हात कितीही कसलेला असो, त्याच्यामागे लिहिणे-वाचणे नसेल तर त्याचे फळ दुसराच कोणी खातो. दुकानावर बसायचे असले तरी शिकलेल्या मुलाने बसावे आणि शिकलेल्या मुलीनेही बसावे. जुडाई करणारी स्त्री आपल्या मजुरीचा हिशेब स्वतः वाचू शकली तर तिला फसविणे सोपे राहत नाही.

दुसरा गैरसमज शिकलेल्या मुलांचा आहे. कॉलेजात गेलेला मुलगा वडिलांचे बांगड्यांचे दुकान मित्रांपासून लपवितो. त्याने असे करू नये. मणियार मुठीकडे एकदा पाहून माप सांगतो, ते किती शास्त्रशुद्ध असते हे त्याने पाहावे. बांगडीचे २.४ हे माप दशांश नव्हे. ते दोन इंच आणि इंचाचे सोळांश भाग चार, म्हणजे सव्वादोन इंच होय. जसा रुपयाचा सोळावा भाग आणा, तसाच हा हिशेब. म्हणूनच २.१० ही बांगडी २.८ पेक्षा मोठी असते. गणिताच्या तासाला हे उदाहरण घातले तर वर्गातील मणियाराचा मुलगा सर्वांआधी हात वर करील. ज्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही, ती अपूर्णांकांचा हा व्यवहार बाजारात उभ्याउभ्या तोंडी करीत आली आहे. त्या आजीची लाज वाटावी असे काय आहे?

शाळा ही धंद्यातून पळून जाण्याची वाट नाही, आणि धंदा ही शाळा सोडण्याची सबब नाही. आपल्या संस्थांनी चित्रकला आणि रसायन यांचे शिक्षण हस्तव्यवसायाशी जोडावे. सुटीत विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील वृद्ध मणियार, लोहार, विणकर, रंगारी यांच्याजवळ बसून त्यांच्या कामाच्या रीती, शब्द आणि मापे वहीत लिहून आणावीत. ही वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. नेरीने १६१२ मध्ये जे केले ते आपण अजूनही करू शकतो. मात्र आता उशीर करू नये, कारण उस्ताद म्हातारे होत चालले आहेत.

येत्या चाँदरातीला बांगड्या भराल तेव्हा त्या कड्यावरून हळूच नख फिरवा. कोठेतरी एक बारीकसा सांधा लागेल. कोणा अनाम भगिनीने ज्योतीपुढे बसून तो जोडलेला आहे. तिची मुलगी यंदा शाळेत गेली की नाही, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. आणि आपल्या गल्लीतील, आपल्या मोहल्ल्यातील तशाच एखाद्या मुलीला शाळेत आणून बसविणे हे तर आपल्या हाती आहेच.